बंद पडलेल्या कंपनीची नऊ किट आणि बोनसचे दोन लाख

नाशिकहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३६, हातात येणारा पगार ७८,०००, घराच्या कर्जाचा हप्ता २४,५००, घरखर्च साधारण ३१,०००. पत्नी सध्या नोकरी करत नाही, मुलगी पाच वर्षांची. वडील ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे विमान कारखान्यातून, निवृत्त झालेले. यंदा बोनस मिळाला २,१०,०००. छंद विमानांची स्केल मॉडेल बांधण्याचा. ओळखीचे एक संग्राहक परदेशी स्थायिक होणार असल्याने त्यांच्याकडची विंगनट विंग्ज या कंपनीची, सुट्या भागांतून विमान जोडायची नऊ किट एकगठ्ठा १,८०,००० ला द्यायला तयार आहेत. कंपनी २०२० मध्ये बंद पडली, तेव्हापासून किटचे भाव चढलेच आहेत, म्हणून वाचक याला गुंतवणूक समजतात. शिवाय दुसऱ्या एका कंपनीच्या नव्या किटची २४,००० ची आगाऊ नोंदणी क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर करायचा त्यांचा विचार आहे. त्यांच्या मॉडेलवाल्या मित्रांत यावरून दोन तट पडलेत. काही म्हणतात, या कंपन्या मुद्दाम टंचाई निर्माण करून लुटतात. काहींचं म्हणणं, असा माल हवा तर दाम मोजायलाच हवा. वाचकांनी विचारलं आहे, ‘घेऊ का?’

नऊ घेऊ नका. एक घ्या. आगाऊ नोंदणी सोडून द्या. असं का म्हणतो ते सविस्तर सांगतो, कारण तुमचं पत्र मनापासून लिहिलेलं आहे आणि तुमच्या छंदाबद्दल मला आदर आहे.

आधी तुमच्या मित्रांचा वाद. किट महाग का, याचं खरं उत्तर साच्यात आहे. पंखाच्या कापडावरचा ताण, शिवणीची रेघ, इंजिनाच्या सिलिंडरवरच्या पाकळ्या, हे सगळं पोलादी साच्यात कोरावं लागतं. त्याआधी संशोधन, संगणकावरची रेखाटनं, चाचणीचे नमुने. हा सगळा खर्च पहिला नग विकला जाण्याआधीच झालेला असतो. पुढे प्लास्टिक आणि छपाईचा खर्च त्यामानाने किरकोळ. गिऱ्हाईक लाखात असेल तर साच्याचा खर्च वाटून जातो. १९५३ मध्ये एअरफिक्स या ब्रिटिश किट कंपनीने आपलं पहिलं स्पिटफायर विमान वुलवर्थच्या दुकानांतून दोन शिलिंगांत विकलं ते याच जोरावर. पहिल्या महायुद्धातलं दोन आसनी जर्मन विमान १:३२ मापात, म्हणजे खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्श्याएवढं, हवं असणारी माणसं जगात मोजकीच, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला खर्च जास्त. तेव्हा ‘लूट’ हा शब्द मला अन्यायाचा वाटतो. चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या पाठबळावर न्यूझीलंडमध्ये उभी राहिलेली विंगनट विंग्ज आपल्या संकेतस्थळावरून थेट ग्राहकाला माल विकायची. मधल्या दुकानदारांचं कमिशन वाचायचं आणि त्यातलं बरंच काही किटमध्ये दिसायचं.

पण ‘लूट’ म्हणणाऱ्या तटाचंही एक म्हणणं खरं आहे. या धंद्यात एकाच साच्यातून अनेक किमती उभ्या करता येतात. चेक प्रजासत्ताकातल्या एडुआर्ड या किट कंपनीचं उदाहरण घ्या. प्लास्टिक तेच, ‘वीकएंड’ आवृत्ती साधी आणि स्वस्त, ‘प्रोफिपॅक’मध्ये कोरलेल्या धातूचे भाग, रंगकामाचे मास्क, जास्त डिकॅल (पाण्यात भिजवून विमानावर चिकटवायची चिन्हं), आणि ‘लिमिटेड एडिशन’ त्याहून वरची. यात फसवणूक काही नाही, डब्यावर सगळं लिहिलेलं असतं. मात्र ‘लिमिटेड’ हा शब्द डब्याला लागू होतो, साच्याला नाही. साचा कपाटात शाबूत असतो. तुमचा पूर्ण हिशेब या एका गोष्टीवर उभा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

कंपनी बंद पडली म्हणजे माल संपला, असं तुम्ही धरून चालला आहात. या छंदाचा इतिहास वेगळं सांगतो. ब्रिटनच्या फ्रॉग कंपनीचं उत्पादन १९७० च्या दशकात थांबलं. तिचे बरेचसे साचे सोव्हिएत संघात गेले आणि तीच विमानं ‘नोवो’ नावाने बाजारात आली. जर्मन, जपानी विमानांचे साचे रेव्हेल या दुसऱ्या किट कंपनीकडे गेले. २००६ मध्ये एअरफिक्सची मालक हंब्रोल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तेव्हाही ‘आता संपलं’ म्हणून लोकांनी जुने डबे साठवले. त्याच वर्षी हॉर्नबीने एअरफिक्स विकत घेतली आणि डबे पुन्हा दुकानात आले. विंगनट विंग्जच्या बाबतीतही हे सुरू झालेलं आहे. त्यांच्या साच्यातलं फोकर ट्रायप्लेन मेंग या कंपनीने काढलं. विंगनटने जाहीर केलेलं आणि त्यांच्या नावाने कधीच न आलेलं १:३२ लँकेस्टर हे बॉम्बफेकी विमान बॉर्डर मॉडेल या कंपनीने आणलं. तुमच्या नवांपैकी कोणतं उद्या दुसऱ्या नावाने येईल, हे ना तुम्हाला माहीत ना त्या संग्राहकांना. आणि साचा परत नाही आला, तरी दुसरी कंपनी तेच विमान नव्याने काढू शकते. ज्या काळात विंगनट लँकेस्टरची तयारी करत होती, त्याच काळात एचके मॉडेल्सने त्याच मापाचं लँकेस्टर बाजारात आणलं. सोन्याचं असं होत नाही.

दुसरी गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. दादरला माझ्या एका अशिलाच्या वडिलांनी चाळीस वर्षं किट जमवली होती. ते गेल्यावर मुलाने ती विकायला काढली. घ्यायला आलेल्या माणसाने एक डबा उघडला, डिकॅलच्या कागदाचा कोपऱ्यातला नको असलेला तुकडा कापला आणि बशीतल्या कोमट पाण्यात सोडला. कागद आधीच पिवळट झालेला. अर्ध्या मिनिटाने त्याने कुंचल्याच्या टोकाने चित्र सरकवलं, तर ते सरकलंच नाही, भाजलेल्या पापडासारखं तुकडे तुकडे होऊन पाण्यावर पसरलं. मुलगा बशीकडे बघत राहिला. डबा सीलबंद होता, पण मुंबईची हवा सीलबंद नव्हती. नाशिकची हवा कोरडी असली तरी पावसाळा तिथेही असतो, आणि तुमचे नऊ डबे ठेवायचे तर माळ्यावरच ठेवावे लागतील.

आता आकडे. एक किट तुम्हाला २०,००० ला पडतं. उदारपणे धरू की भाव दर वर्षी ८ टक्के वाढेल. पाच वर्षांनी ते २९,३८७ होतं. भारतात एवढे पैसे मोजणारं गिऱ्हाईक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं, म्हणजे विक्री बहुतेक परदेशीच. विक्रीच्या संकेतस्थळाचं आणि पैसे वळते करण्याचं मिळून १३ टक्के कमिशन धरलं तर ३,८२० गेले. एवढ्या मोठ्या बॉक्सचं पॅकिंग आणि टपाल मिळून ४,००० धरू. हातात उरले २१,५६७. पाच वर्षांत १,५६७ रुपये, म्हणजे वर्षाला दीड टक्काच. तेच वीस हजार ७ टक्क्यांच्या मुदत ठेवीत, कर वजा न करता, २८,०५१ होतात. ठेवीची बरोबरी करायची तर किटचा भाव पाच वर्षं सलग सुमारे १३ टक्क्यांनी वाढायला हवा, तोही नवांपैकी एकाचंही पुनरुत्पादन न होता आणि टपालात एकही कोपरा न चेपता. चेपलेल्या डब्याचा भाव काय होतो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

मित्रांच्या वादातला आणखी एक मुद्दा इथेच निकालात काढतो. भारतातल्या दुकानात किट परदेशापेक्षा बरंच महाग दिसतं, त्याचा दोष प्रत्येक वेळी कंपनीला किंवा दुकानदाराला देऊ नये. सीमाशुल्काच्या वर्गवारीत स्केल मॉडेल खेळण्यांच्याच शीर्षकाखाली, ९५०३ मध्ये, येतात. खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. त्यावर जीएसटी आणि डॉलरचा चढता भाव. तुम्ही स्वतः पार्सल मागवलंत तर दर वेगळा लागतो, पण तो किंमत, टपालखर्च आणि विमा यांच्या बेरजेवर लागतो. पार्सलवर किंमत कमी लिहून घेण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिला आहे. तसं करू नका. पकडलं गेलं तर दंड भराल, आणि हरवलं तर भरपाई त्या कमी किमतीचीच मिळेल.

आगाऊ नोंदणीबद्दल माझं मत कडक आहे. ‘पहिल्या ग्राहकांनाच खास धातूचे भाग’, ‘नोंदणी मर्यादित’, अशा जाहिराती वाचून हात शिवशिवतात, मान्य. पण त्यातला व्यवहार असा आहे की साचा पूर्ण होण्याआधी कंपनी तुमच्या पैशावर चालते आणि तुम्ही तिला बिनव्याजी, बिनतारण उधार देता. माल यायला उशीर झाला तर तुम्ही थांबता. कंपनी बुडाली तर घेणेकऱ्यांच्या रांगेत तुमचा नंबर बराच मागचा. ते पैसे कार्डाच्या हप्त्यांवर उभे केलेत तर, किट येवो न येवो, हप्ता दर महिन्याला येणारच. विमान बाजारात आलं, दोघा-तिघांनी बांधून दाखवलं, पंखाचा आणि धडाचा सांधा नीट बसतो हे कळलं, की मग घ्या. त्या वेळी थोडं जास्त मोजावं लागलं तरी चालेल.

आता तुमचं घर. महिन्याचा खर्च हप्त्यासह ५५,५००, म्हणजे सहा महिन्यांचा ३,३३,०००. अडीअडचणीसाठी तुमच्याकडे आहेत ९०,०००. कमावणारे तुम्ही एकटेच. आरोग्य विमा फक्त कंपनीचा, नोकरी गेली की त्याच दिवशी संपणारा. किटपेक्षा हे वाचून मला जास्त धाकधूक झाली. म्हणून बोनसमधले १,५०,००० लगेच आपत्कालीन निधीत टाका, निम्मे मोडता येण्याजोग्या मुदत ठेवीत आणि निम्मे लिक्विड फंडात. साधारण २४,००० मध्ये तुम्हा तिघांची स्वतंत्र फ्लोटर पॉलिसी, म्हणजे तिघांना मिळून एकच आरोग्य विमा, घ्या. वैयक्तिक आरोग्य विम्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही, त्यामुळे ती पुढे ढकलायला आता कारणच उरलेलं नाही.

उरतात ३६,०००. ते छंदाचे. यातला रुपयाही मी तुमच्याकडून परत मागणार नाही आणि त्यावर परताव्याचा हिशेबही विचारणार नाही. दिवसभर नोकरी करून रात्री दहानंतर टेबलावरचा दिवा लावून एखादा माणूस सुईएवढा भाग घासत बसतो, तेव्हा त्याला जे मिळतं ते खरं असतं. संग्राहकांच्या नऊ डब्यांपैकी जो तुम्ही या दिवाळीत उघडाल तो एक निवडा. २०,००० द्या आणि उघडाच. विकण्यासाठी सीलबंद ठेवलेला डबा छंदाच्या खात्यात बसत नाही. नियमितपणे नफ्यासाठी घेऊन विकायला लागलात, तर आयकर खातंही त्याकडे वैयक्तिक वस्तू म्हणून नाही, धंदा म्हणून बघू शकतं.

राहिले १६,०००. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज एक ओळ लिहिली आहे की वडील ऐंशीच्या दशकात मिग-२१ बिसच्या, म्हणजे मिग-२१ लढाऊ विमानाच्या एका आवृत्तीच्या, जुळणीवर होते आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ चा निरोप समारंभ टीव्हीवर बघताना ते बोललेच नाहीत. एडुआर्डचं १:४८ मिग-२१ बिस मिळतं. तुमच्या नवांपैकी कोणत्याही एकापेक्षा ते बरंच स्वस्त पडेल. साधी आवृत्ती चालेल. भारतीय हवाई दलाची चिन्हं वेगळी घ्यावी लागली तर घ्या. पॅनेलच्या रेषा कुठे बरोबर आणि कुठे चुकल्या, हे सांगणारा माणूस तुमच्या घरातच आहे.

संग्राहकांना या आठवड्यातच फोन करून सांगा की एकच घेतो, म्हणजे उरलेल्या आठांसाठी त्यांना दुसरं गिऱ्हाईक बघता येईल. आणि पॉलिसीचा अर्ज भरताना पत्नीचा थायरॉइड लिहायला विसरू नका.