हृदयाच्या आयसीयूत लघवीच्या पिशवीकडे का बघतात?

स. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सहा वर्षांपूर्वी तान्ह्या मुलाच्या हृदयातलं छिद्र बंद करायला तुम्ही निलंग्याहून मुंबईला गेलात. ऑपरेशननंतर दोन दिवस त्याची लघवी जवळपास थांबली, पोटात नळी घालून डायलिसिस करावं लागलं, आणि चौथ्या दिवशी पिशवीत लघवी दिसली तेव्हा आयसीयूतल्या डॉक्टरबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. तेव्हा पाचवीत असलेली तुमची मुलगी आता अकरावीत आहे आणि तिला ‘त्या डॉक्टरबाईंसारखंच’ व्हायचंय. ऑपरेशननंतर मुलांच्या किडनीला इजा का होते यावर त्या संशोधन करतात, हे तिच्या पक्कं लक्षात आहे. तुम्ही विचारता: हृदयाची डॉक्टर किडनीचा अभ्यास कशाला करेल? असा कोर्स असतो का? आणि आपल्याला झेपेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण मुलीला नेमकं काय भावलंय ते त्यातूनच तुमच्या लक्षात येईल.

हृदय उघडून ऑपरेशन करताना रक्ताभिसरणाचं काम हार्ट-लंग मशीन करतं. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम पाव लिटर. ते बाहेरच्या नळ्यांतून फिरतं, शरीरभर दाह होतो, किडनीला मिळणारा रक्तपुरवठा बदलतो. मशीन निघाल्यावरही थकलेलं हृदय काही तास पूर्ण जोर लावू शकत नाही. याचा फटका किडनीला बसतो. याला ॲक्यूट किडनी इंज्युरी म्हणतात, डॉक्टरांच्या बोलण्यात ‘एकेआय’. उत्तर अमेरिकेतल्या 22 रुग्णालयांनी मिळून हृदयाचं ऑपरेशन झालेल्या दोन हजारांहून जास्त नवजात बाळांच्या नोंदी तपासल्या, तर निम्म्याहून अधिक बाळांना कमी-जास्त प्रमाणात ही इजा झालेली होती.

आता पिशवीचं गणित. वजनाच्या दर किलोमागे तासाला अर्धा मिलीपेक्षा कमी लघवी सहा तास होत राहिली, तर ती किडनीच्या इजेची खूण धरतात. सहा किलोच्या बाळासाठी याचा अर्थ तासाला 3 मिली. चहाचा चमचाही भरत नाही! दर तासाला कुणीतरी वाकून तेवढं मोजतं आणि तक्त्यात लिहितं. हे काम बहुतेक वेळा नर्स करते, हेही मुलीला सांगा.

रक्ताची तपासणी करून का कळत नाही, असं तुम्हाला वाटेल. कळतं, पण उशिरा. क्रिएटिनिन हा किडनी रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ. बाळाचं क्रिएटिनिन 0.3 वरून 0.6 झालं तर रिपोर्ट वरवर पाहणाऱ्याला काहीच खटकत नाही. प्रत्यक्षात ते दुप्पट झालेलं असतं. अंगात पाणी साठलं असेल तर आकडा आणखी फसवा होतो. आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत तर बाळाच्या रक्तात आईचंच क्रिएटिनिन असतं. म्हणून संशोधक लवकर दिसणारी खूण शोधतात. 2005 साली अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन झालेल्या 71 मुलांचा अभ्यास मांडला. त्यातल्या 20 जणांच्या किडनीला इजा झाली. क्रिएटिनिनवरून ती ओळखायला एक ते तीन दिवस लागले, पण एनगॅल नावाचं प्रथिन दोन तासांतच लघवीत वाढलेलं होतं. नंतरच्या अभ्यासांत चित्र सगळीकडे इतकं स्वच्छ दिसलं नाही, त्यामुळे काम अजून चालू आहे. आपल्याकडे ते करण्यासारखं खूप आहे, कारण हजारात आठ-नऊ बाळं हृदयातला दोष घेऊनच जन्मतात.

आता कोर्स. ‘हृदयाच्या आयसीयूत राहून किडनीचं संशोधन’ अशी पाटी तुम्हाला कुठल्याच कॉलेजवर दिसणार नाही, तिच्या मागे लागू नका. आधी ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा, मग साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. मग नीट-पीजी देऊन बालरोगशास्त्रात तीन वर्षांचं एमडी. त्यानंतर नीट-एसएस किंवा संस्थेची प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांचं डीएम, म्हणजे एमडीच्या पुढची एकाच शाखेतली पदवी. पीजीआय चंदीगडला मुलांच्या अतिदक्षता विभागाचं डीएम आहे. बाल-हृदयरोगातून किंवा दिल्लीच्या एम्समध्ये आहे तशा बाल-किडनीविकाराच्या डीएममधूनही या कामाकडे वळता येतं. म्हणजे साडेअकरा वर्षं, आणि मधल्या परीक्षांच्या तयारीत गेलेला वेळ वेगळा. सरकारी कॉलेजांत सेवेचं बंधपत्रही असतं. एमबीबीएसनंतर अमेरिकेला जायचं तर यूएसएमएलई ही तिथली परवाना परीक्षा, तीन वर्षं रेसिडेन्सी, तीन वर्षं फेलोशिप आणि बहुधा हृदयाच्या आयसीयूसाठी आणखी एक वर्ष. तो विचार आत्ता नको.

झेपेल का? खरा भार एमबीबीएसचा. सरकारी जागा मिळाली तर तुमच्या दुकानाच्या उत्पन्नात निभावून जाईल, आणि सरकारी संस्थेत एमडीपासून दरमहा विद्यावेतन मिळतं. खासगी कॉलेजसाठी शेत मात्र विकू नका. हे मी प्रत्येक पालकाला सांगतो, तुम्हालाही कळकळीने सांगतो. जागा नाहीच मिळाली, तर हार्ट-लंग मशीन चालवणारे परफ्युजनिस्ट असतात, त्यांचा वेगळा पदवी कोर्स आहे. नर्सिंग आहे. वैद्यकीय संशोधनाला संख्याशास्त्राची माणसं फार लागतात. त्याच खोलीत, त्याच बाळासाठी ही सगळी माणसं राबत असतात.

एक गोष्ट तुमच्या पत्रात खटकली. ‘आधी नीट काढ, मग बघू’ असं तुम्ही तिला म्हणालात. असं म्हणू नका हो. तिला प्रश्न पडलेत, ते एका वहीत लिहू द्या. जीवशास्त्राच्या पुस्तकात उत्सर्जनाचा धडा येईल, तो या प्रश्नांमुळे तिला पाठ करावा लागणार नाही. एमबीबीएसला असताना आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) दोन महिन्यांची विद्यार्थी संशोधन योजना असते, तिथे तिला स्वतःचा छोटा अभ्यास करता येईल. तिने गणित विषय सोडला असेल तर निदान सरासरी आणि शक्यता यांची भीती जाईल एवढं तरी चालू ठेवा. रात्रपाळ्या, दमणूक, हातातून गेलेलं मूल, हे सगळं या कामात आहे, तेही लपवू नका. आयसीयूच्या काचेमागे उभी राहिलेली मुलगी हे ऐकू शकते.

आणि मुलाबद्दल. किडनीला इजा होऊन गेलेल्या मुलांचं ब्लड प्रेशर आणि लघवीतलं प्रथिन अधूनमधून तपासून घ्यायला हवं. हृदयाच्या फेरतपासणीत हे पाहिलं जातंय का, डॉक्टरांना विचारा. पुढच्या खेपेला मुलीलाही बरोबर न्या, आणि हा प्रश्न तिलाच विचारू द्या.