काळ्या कडांचं कोडं

प्रश्न : पुण्याच्या भाच्यानं लेझरनं कापलेलं अडीचशे तुकड्यांचं लाकडी जिगसॉ (तुकडे जोडून चित्र पुरं करायचं कोडं) पाठवलं. कडा जळकट, बोटं काळी होतात. माल खराब आहे का? पुठ्ठ्याचं हजाराचं आम्ही आठवड्यात लावतो, हे मात्र सरकतच नाही.
– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : काकू, माल चांगला आहे. लेझर लाकूड जाळतच कापतो, म्हणून कडा काळ्या. कोरड्या फडक्यानं पुसा, ओल्यानं नको, प्लायवूड फुगतं. मी पहिला डबा उघडला तेव्हा आई रांधणीतून ओरडली, "काय जळून राह्यलं रे?"

अडीचशेला हजाराशी तोलू नका. पुठ्ठ्याचे तुकडे बहुतेक एका साच्यातले. लाकडात मोर, बैल, किल्ली अशा आकाराचेही निघतात, आणि कोपरासुद्धा कधी दोन तुकड्यांत फोडलेला असतो. काठ आधी लावायची आपली सवय तिथंच फसते. माझ्या बैलाचं शिंग दोन दिवसांनी ज्वारीच्या कोठीखाली सापडलं.

१७६० च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीनं लाकडावर नकाशा चिकटवून देशांच्या सीमेवरून कापला, मुलांना भूगोल शिकवायला. पुठ्ठा नंतरचा. मला विचाराल तर लाकूडच. तुकडा बसताना जो 'टक्' आवाज येतो, तो पुठ्ठ्याला नाही.