पार्किन्सन्सच्या गोळ्यांचे दुष्परिणाम काय असतात? वडिलांना मळमळतं, गोळी बंद करावी का?

बंद करू नका. लेव्होडोपा-कार्बिडोपा या पार्किन्सन्सच्या नेहमीच्या गोळीने सुरुवातीला मळमळतं, उठताना चक्कर येते, बहुतेकांचं हळूहळू कमी होतं. फक्त उलटीसाठी घरात पडलेलं मेटोक्लोप्रमाइड देऊ नका, त्याने पार्किन्सन्सच वाढतो.

पण मळमळ निदान दिसते तरी. आमच्या बाबांना प्रामिपेक्सोल ही पार्किन्सन्सचीच दुसरी गोळी सुरू झाली. हात सुधारला, शर्टाची बटणं स्वतः लावायला लागले, आम्ही खूश. चार-पाच महिन्यांनी पार्सलं यायला लागली. टॉर्च. आधी एक, मग दोन, मग एकदम चार. मोजल्या तर अकरा निघाल्या, सहांची खोकीही फोडलेली नव्हती. जन्मभर पै-पैचा हिशेब वहीत लिहिणारा माणूस हा! एकदा रात्री अडीचला उठलो तर टेबलावर भिंतीवरचं घड्याळ उघडलेलं, स्क्रू लहान-मोठे वेगळे करून वाट्यांत भरलेले. "झोपा आता" म्हटलं तर मान वर न करता म्हणाले, "एवढं झालं की." त्या आठवड्यातलं ते तिसरं घड्याळ.

दादाचं निदान तयार होतं: म्हातारचळ. पाहुण्यांसमोर त्यांना बोलला, कार्ड काढून घेतलं. मी म्हटलं, गोळीचं विचारू. "गोळी खाऊन कुणी खरेदी करतं का?"

करतं, दादा. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गोळ्या मेंदूतल्या डोपामिन या रसायनाची नक्कल करतात, आणि डोपामिन फक्त हातपाय हलवत नाही, हाव आणि मजाही त्याच्याच ताब्यात. कुणी जुगार खेळतं, कुणी खात सुटतं, कुणाची कामेच्छा बेफाम वाढते. माणसाला लाज वाटते म्हणून तो बोलत नाही, आणि घरचे त्याचा स्वभाव काढतात. डॉक्टरांनी डोस हळूहळू उतरवला, लेव्होडोपा थोडी वाढवली. दोन महिन्यांत पार्सलं थांबली. दादाने बाबांची माफी अजून मागितलेली नाही. टॉर्च मात्र एक घेऊन गेलाय.

तेव्हा तुमच्या वडिलांना कुठली गोळी आहे ते आधी बघा, आणि खर्चावर नजर ठेवा, पण पोलिसासारखी नको. सगळ्यांनाच हे होतं असं नाही. भास झाले किंवा बसल्याबसल्या एकदम झोप लागायला लागली तर लगेच डॉक्टरांना कळवा, तोवर गाडी चालवू देऊ नका. आणि यातली कुठलीही गोळी एका दिवसात तोडायची नाही, ते अंगावर येतं.