अंतराळ स्थानक 'निवृत्त' होणार की पाडणार?

प्रश्न असा आहे: 'आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक २०३० मध्ये निवृत्त होणार' अशी बातमी येते. निर्जीव वस्तूला 'निवृत्त' चालतं का?

चालतं. जुनी युद्धनौका 'विक्रांत' १९९७ मध्ये निवृत्त झाली असं आपण म्हणतोच (पुढे ती भंगारात गेली, ते वेगळं). स्पेस शटललाही हा शब्द शोभतो. २०११ मध्ये उड्डाणं थांबली आणि डिस्कव्हरी, अटलांटिस, एंडेव्हर ही यानं संग्रहालयांत जाऊन बसली. निवृत्तीत काम थांबतं, पण काम करणारा उरतो.

स्थानक उरणार नाही, म्हणून इथे 'पाडणार' हवं. पडणं आणि पाडणं यांत जो फरक आहे, तोच इथला तांत्रिक फरक. अमेरिकेचं स्कायलॅब स्थानक १९७९ मध्ये पडलं आणि त्याचे तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात विखुरले. रशियाचं मीर स्थानक २००१ मध्ये पाडलं: त्याला जोडलेल्या प्रोग्रेस या मालवाहू यानाची इंजिनं ठरल्या वेळी पेटवून ते दक्षिण प्रशांत महासागरात उतरवलं. मोडकळीस आलेली इमारत वेळेत रिकामी करून पाडली नाही, तर ती पडते, तसंच हे.

सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरही विरळ हवेचं घर्षण असतं, त्यामुळे स्थानकाला अधूनमधून वर ढकलावं लागतं. शेवटी ते ढकलणं थांबवायचं, माणसं उतरवायची आणि खाली आल्यावर एक जोरदार धक्का द्यायचा. धक्का कमी पडला तर स्थानक वातावरणात उथळ कोनात शिरतं आणि अवशेष फार लांबवर पसरतात. वजन ४०० टनांहून जास्त, त्यामुळे मीरची युक्ती इथे पुरत नाही. म्हणून नासाने २०२४ मध्ये स्पेसएक्स कंपनीला खास यानाचं काम दिलं. त्याच्या आराखड्यात ४६ इंजिनं आणि सुमारे १६ टन इंधन आहे.

बातमीतलं '२०३० मध्ये' हेही सैल आहे. ती वापराची मुदत आहे, पाडायचं त्यानंतर. आणि मुदत आधी २०२०, मग २०२४, मग २०३० अशी सरकत आली आहे. रशियाने तर २०२८ पर्यंतचीच हमी दिली आहे. त्यांच्या झ्वेझ्दा कक्षाच्या मागच्या बोळात २०१९ मध्ये हवेची गळती आढळली. त्यामुळे तिथलं दार शक्यतो बंद ठेवावं लागलं. तेव्हा मथळा असा करावा: 'अंतराळ स्थानक २०३० पर्यंत चालवणार, मग समुद्रात पाडणार.'

'कक्षाच्युत करणे' (म्हणजे कक्षेतून खाली आणणे) असाही पर्याय दिसतो. अर्थ बरोबर आहे, पण कानाला 'पदच्युत' ऐकू येतं. परिभाषाकोशात ठीक, बातमीत नको.