हद्दीवरचा कॉलम : फुटिंग जाड केल्याने भागत नाही

ठाणे-नवी मुंबईत प्लॉट अरुंद, त्यामुळे कॉलम कंपाउंडला टेकतात आणि तेच प्रश्न पुन्हा येतात. बहुतेक खोदाई झाल्यावर येतात, हे जास्त वाईट.

फुटिंग (कॉलमखालचा काँक्रीटचा पसरट पाया) जमिनीखालून फूटभर शेजाऱ्याकडे गेलं तर? (ऐरोली)

चालणार नाही. हद्द जमिनीखालीही तीच असते.

ठेकेदार म्हणतो, एकाच बाजूला फुटिंग काढू, जाडी आणि सळई वाढवू. स्ट्रॅप बीमचा (हद्दीवरचं फुटिंग आतल्या कॉलमला जोडणाऱ्या बीमचा) खर्च वाचेल. (घणसोली)

साफ चूक. आकडे बघा. कॉलम ३० सेंमीचा, भार ६० टन. फुटिंग हद्दीपासून आत १.५ मीटर, हद्दीलगत लांबी २.४ मीटर. भार सारखा पसरला तर मातीवर चौरस मीटरला सुमारे १७ टन. पण कॉलम फुटिंगच्या मध्यापासून ६० सेंमी बाजूला आहे. फुटिंगला कोणी धरून ठेवलं नाही, तर ते कलतं, फक्त हद्दीकडची ४५ सेंमी पट्टी टेकलेली राहते आणि कडेचा दाब चौरस मीटरला ११० टनांवर जातो! जाडी वाढवून ते ६० सेंमी कमी होत नाहीत. कलणं रोखायचं काम मग बिचाऱ्या कॉलमवर येतं : ६० टन गुणिले ०.६ मीटर, म्हणजे ३६ टन-मीटरचा वाकवणारा जोर. ३० सेंमीचा कॉलम ते पेलत नाही.

म्हणून आतल्या कॉलमपर्यंत ताठ स्ट्रॅप बीम हवा. दोन कॉलममध्ये ४ मीटर अंतर असेल, तर बाहेरच्या फुटिंगवर ६० नव्हे, साडेसत्तर टन धरा. या जादाच्या साडेदहा टनांइतका भार तरी आतल्या कॉलमवर कायम हवा, नाहीतर तो उचलला जाईल. स्ट्रॅपची मुख्य सळई वर असते; साइटवर सवयीने खाली बांधतात. बीमखाली माती सैल ठेवा, त्याने जमिनीवर टेकायचं नाही. आणि प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीचा बीम) दाखवून ‘हाच स्ट्रॅप’ म्हणणाऱ्याकडून इंजिनीअरच्या सहीचा नकाशा मागा.

शेजारच्या चाळीचा पाया ३ फूट, आम्हाला ६ फूट जायचंय. पावसाआधी खोदून ठेवू का? (नौपाडा)

अजिबात नको. उघड्या खड्ड्यात पाणी साचलं की शेजारच्या पायाखालची माती निसटते. आयएस १९०४ या पायांच्या भारतीय मानकानुसार दाणेदार मातीत दोन पायांच्या तळांत जितका फरक, त्याच्या दुप्पट आडवं अंतर लागतं; म्हणजे ६ फूट. तुमच्याकडे ते नाही. आधार कसा द्यायचा, हे इंजिनीअरने कागदावर ठरवल्याशिवाय कुदळ मारू नका. एकाआड एक खड्डे घ्या. पीसीसी (तळाचं बिनसळईचं काँक्रीट) त्याच दिवशी, आणि काँक्रीट व भराव झाल्यावरच पुढचा खड्डा. चाळीतल्या जुन्या भेगांचे फोटो शेजाऱ्यांसमोर आधीच काढा.

शेजाऱ्याचा माती अहवाल चालेल? पाइल (जमिनीत खोल जाणारा काँक्रीटचा खांब) घातल्यावर स्ट्रॅप नको ना? (उलवे)

अहवाल स्वतःचाच हवा; खाडीकाठी मऊ चिखलाची खोली प्लॉटगणिक बदलते. पाइलचं यंत्र भिंतीला चिकटून उभं राहत नाही, म्हणून पाइल आतच पडते आणि कॉलम पुन्हा बाजूला. बीम लागतोच.

कॉलमच आत घेतला तर? (खारघर)

उत्तम. वरचा स्लॅब बाहेर काढता येतो. पण हे नकाशा मंजुरीला जाण्याआधी आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनीअर दोघांना एकत्र बसवून ठरवा.