24,000 पगार, 29,500 खर्च: किराण्याची यादी जरा बाजूला ठेवा

ताई, आकडे न लपवता लिहिलेत हे बरं केलंत. मिस्टरांचा कुपवाड एमआयडीसीतला ओव्हरटाइम बंद झाला, हातात 24,000 येतात, 29,500 जातात, आणि किराणा-दुधात कुठं कमी करू असं विचारलंय. चार माणसांना 6,500 चा किराणा म्हणजे तुम्ही आधीच हात आखडून चालवताय. त्यातून आणखी पाचशे काढाल आणि महिनाभर चहाच्या साखरेवरून भांडाल.

आम्ही तेच केलं होतं. 2019 च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं, आमचं शिलाईचं दुकान बुडालं, मशिनी गाळात. मी काय केलं? पोरांचं दूध अर्ध्या लिटरवर आणलं आणि फ्रीजचा हप्ता मात्र उसनवारी करून वेळेवर भरला. फ्रीजमध्ये ठेवायला दूध नव्हतं!

तुमचे हप्ते बघा: गाडी 3,100, मोबाइल 1,800, गटाचं कर्ज 2,400, वर भिशी 2,000. झाले 9,300. आणि सासूबाईंच्या दवाखान्यासाठी शेकडा पाचानं घेतलेल्या 20,000 चं व्याज यादीत धरलेलंच नाही. ते महिन्याला 1,000. म्हणजे तूट 6,500 ची आहे.

पहिलं हे 20,000 फेडा. शेकडा पाच म्हणजे वर्षाला 60 टक्के. परवाना असलेल्या सावकारालाही बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला 18 च्या वर लावता येत नाही. भिशी बारा जणींची, तुमचा नंबर अजून लागलेला नाही. पुढचा नंबर ज्यांचा आहे त्यांच्याशी अदलाबदल करा, खरं कारण सांगून. लाज वाटेल, वाटू दे. 24,000 हातात आले की त्याच दिवशी सावकाराचे 20,000 देऊन टाका आणि लिहून दिलेला कागद परत घ्या. नंबर नाहीच मिळाला तर एखादा दागिना बँकेत ठेवा. वर्षाला 10 टक्के धरले तरी महिन्याला 170 च्या आसपास व्याज. मुदत मात्र कॅलेंडरवर लिहून ठेवा, नाहीतर दागिना लिलावात जातो.

गटाचा हप्ता चुकवू नका. तुमचा चुकला की शेजारणींच्या दारात माणूस उभा राहतो. आणि 'ताई, आणखी एक कर्ज बसतंय' असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. घरातले सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतात असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तुमचे 7,300 त्यात सहज बसतात, म्हणून ते देतीलही. फेडायचं कशातून, हे त्या नियमात नाही.

व्याज गेलं की तूट 5,500. मोबाइलचे चार हप्ते उरलेत, ते संपले की 3,700. भिशी आणखी सात महिने. ती संपली की लगेच नवी लावू नका, तूट 1,700 वर येते.

मधले सात महिने काढायचे कसे? मिस्टरांनी कारखान्यातल्या कुणाबरोबर एकाच गाडीवर जावं, पेट्रोल दोन हजारांचं हजारावर येईल. घरात मशीन आहे म्हणता, तर फॉल-पिकोची कामं धरा. मी अडीच हजारच धरते, लग्नसराई संपली की काम आटतं. हे दोन्ही जमलं तर पहिले चार महिने दोन-दोन हजार कमी पडतील, पुढचे तीन महिने दोनदोनशे. एकूण 8,600. भिशीतले उरलेले 4,000 आहेतच. घरमालकाला विचारून एका महिन्याचं भाडं डिपॉझिटातून वळतं करून घ्या, ते 6,000. एवढ्यात भागतं. क्लास बंद करू नका, पोरगी दहावीला आहे.

आणि सासूबाईंचं पुन्हा काही निघालं तर पैसे काढण्याआधी दवाखान्यात महात्मा फुले जनआरोग्य योजना चालते का ते विचारा, रेशनकार्ड बरोबर न्या. आम्ही विचारलंच नव्हतं.

गाडीचे किती हप्ते राहिलेत ते तुम्ही लिहिलं नाही. ते कळवा, आणि नंबर मिळाला का तेही. सातव्या महिन्यानंतर पेट्रोलची बचत आणि पिकोचं काम टिकलं नाही, तर ते 1,700 कसे मिटतील ते त्यावरच ठरेल.