दादाची दारू सुटेपर्यंत मुलांनी थांबायचं का?

प्रश्न : ताई, मी ऐरोलीला राहते, माझा मोठा भाऊ कळव्याला. दादा रोज पितो, आधी फक्त शनिवारी असायचं, आता कामावरून येतानाच घेऊन येतो. भाची सात वर्षांची, भाचा चार. भाची बाटली दिसली की गुपचूप बेसिनमध्ये ओतते आणि मार खाते, आणि दादा तिलाच खाली दारू आणि चकणा आणायला पाठवतो. छोटा परत अंथरूण ओलं करायला लागलाय. आई म्हणते तू लग्न होऊन गेलीस, त्यांच्या संसारात पडू नको. वहिनी बोलतच नाही. मी दर महिन्याला दादाला थोडे पैसे देते. मुलांना माझ्याकडे आणू का? आणि न सांगता जेवणात मिसळून दारू सोडवायचं औषध, लोकलमध्ये जाहिरात असते ना, ते करून बघू का? – एक आत्या

उत्तर : आधी शेवटचं, कारण त्यात जीवाला धोका आहे. ते औषध अजिबात देऊ नका. अशा पुड्यांत काय असतं ते कळायला मार्ग नाही, आणि दारू सोडवायला डॉक्टर डायसल्फिराम नावाची जी गोळी देतात तिच्यावर दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, उलट्या, छातीत धडधड, बीपी एकदम खाली, माणूस जाऊही शकतो, म्हणून ती पेशंटला सांगूनच देतात. आणि दादाला खोलीत कोंडून एकदम दारू बंद करायची असंही कोणी सुचवेल, तेही नको. रोज भरपूर पिणाऱ्याची एकदम तुटली तर हात थरथरतात, फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो, हे दवाखान्यातच करायचं काम आहे. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल किंवा ठाण्याचं मनोरुग्णालय, दोन्हीकडे मानसोपचार ओपीडी आहे, सकाळी तो शुद्धीत असताना एकदा शांतपणे बोलून बघा. नाही आला तर तुम्ही आणि वहिनी जा. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात 1986 पासून हे काम चालू आहे, तिथे घरच्यांशीही बोलतात. फोनवर विचारायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी 14446.

पण खरं सांगू का, तुमच्या पत्रात मला दादापेक्षा भाची जास्त दिसली. सगळं घर दादा कधी सुधारतोय याची वाट बघतं आणि तोपर्यंत मुलांचं काय ते कोणी विचारतच नाही. दादा सुटो न सुटो, मुलांचं आजपासून बरं व्हायला सुरुवात होऊ शकते.

सात वर्षांची मुलगी बाटली ओतते म्हणजे बाबांना बरं करायची जबाबदारी तिने स्वतःवर घेतलीये. या वयात मुलांना वाटतं आपण मस्ती केली म्हणून बाबा पितात. तिला खोटं सांगू नका, "बाबा दमलेत" वगैरे, वासावरून तिला सगळं कळतं. जवळ घेऊन सांगा की बाबांना दारूचा आजार आहे, तो तुझ्यामुळे झाला नाही, बरा करणं मोठ्यांचं काम आहे, तू बाटलीला हात लावायचा नाही. एकदा सांगून होत नाही, परत परत सांगावं लागतं. आणि भांडण सुरू झालं की भावाला घेऊन शेजारी कोणत्या काकूंकडे जायचं ते ठरवून ठेवा, त्या काकूंनाही सांगा. तुमचा नंबर पाठ करून घ्या तिच्याकडून, आणि 1098 पण, तो मुलांसाठीच आहे, चोवीस तास, फुकट. वहिनींना 112 (पोलीस, तातडीची मदत) आणि 181 (महिला हेल्पलाइन) माहीत असू द्या.

दारू आणायला पाठवणं बंद झालंच पाहिजे, यात तडजोड नाही. मुलाकडून दारूची ने-आण करून घेणं 2015 च्या बाल न्याय कायद्यात गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. हे आईंना ऐकवा. आणि प्यायलेला असताना मुलांना त्याच्या बाईकवर बसू द्यायचं नाही.

छोट्याला ओरडू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा, घरात काय चाललंय ते त्यांना खरं सांगा. वर्गशिक्षिकेलाही थोडक्यात सांगितलं तर बरं.

मुलांना उचलून आणू का म्हणता, तर परत मारहाण झाली, जीवाची भीती वाटली तर त्याच रात्री आणा, पण वहिनींसकट. नाहीतर आईपासून तोडलं तर मुलांना वाटेल आम्हालाच शिक्षा झाली. त्यापेक्षा दर रविवारी ठाण्याला गाडी बदलून कळव्याला जा, किंवा त्यांना इकडे घेऊन या, वेळ ठरलेली आणि चुकवायची नाही. घरातलं काहीच भरवशाचं नसतं तेव्हा आत्या येणार म्हणजे येणार हे मुलांना फार धरून ठेवतं.

वहिनी बोलत नाहीत म्हणजे त्यांना काही वाटत नाही असं नाही हो, सासरच्याच माणसाशी सासरच्या मुलाबद्दल काय बोलणार? तुम्हीच आधी म्हणा, "वहिनी, मी तुमच्या बाजूने आहे." त्यांना सांगा की 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने त्यांना त्याच घरात राहायचा हक्क आहे, घर आईंच्या नावावर असलं तरी कोणी असंच बाहेर काढू शकत नाही. मुलांचे जन्मदाखले, आधार, थोडे पैसे एका पिशवीत घालून तुमच्याकडे ठेवायला सांगा. अल-अॅनॉन म्हणून पिणाऱ्यांच्या घरच्यांचे ग्रुप असतात, पहिल्यांदा तुम्ही सोबत जा.

आणि पैसे दादाच्या हातात देणं या महिन्यापासून बंद करा. शाळेची फी शाळेत भरा, किराणा वहिनींकडे पोचवा. तो चिडेल, आई रडतील, तरीही.